रोहेलियोचा हसरा फोटो

टीव्हीवर आपल्या लोकांबद्दल कुणी वेडंवाकडं बोललं की अमेरिकेतल्या बॉईल हाइट्स या मेक्सिकन वस्तीतली माणसं तडक हेर्मिनिया आर्सेओच्या दाराशी यायची. पडद्यावर आपण दिसायचो ते दोनच रूपांत: भांडी घासताना, नाहीतर सुरी चालवताना. याचा तिला मनस्वी संताप होता. आठवडाभर शिवणाच्या कारखान्यात पाठ मोडून घ्यायची आणि शनिवारी फलक धरून टीव्ही केंद्राच्या फाटकाशी उभं राहायचं, यातच तिचे केस पिकले. त्या फाटकाशी जेवढी उभी राहतेस तेवढी चर्चमध्ये राहिली असतीस तर एव्हाना संत झाली असतीस, असं तिची जाऊ चायो तिला चिडवायची.

एवढा घसा कोरडा करून मिळालं काय, तर एक नोकरी. केंद्राने येसेनिया नावाची आपल्यातली एक मुलगी बातमीदार म्हणून घेतली. ती पहिल्यांदा पडद्यावर दिसली तेव्हा हेर्मिनिया पोटची पोर पास झाल्यासारखी रडली.

ऑक्टोबर सरता सरता येसेनिया कॅमेरावाल्याला घेऊन तिच्या घरी आली. वस्तीवर एक चांगली बातमी करायची म्हणाली. हेर्मिनियाने मक्याच्या पिठाचे तमालेस वाफवले, इस्त्रीचा झगा घातला आणि तासभर बोलली. शाळेचा बँड, नर्स झालेल्या मुली, रात्रपाळी करून घरं बांधणारी माणसं, काही म्हणून सोडलं नाही.

पाहुणे निघाले तशी तिने त्यांना आतल्या खोलीत नेलं. देवाघरी गेलेली माणसं वर्षातून एकदा घरी येतात, त्याचे ते दिवस. आलेल्याची त्यांच्याशी ओळख करून न देता त्याला दारातून कसं जाऊ द्यायचं? टेबलावर झेंडू, मेणबत्त्या, गोड पाव, चिंचेचं सरबत आणि मधोमध रोहेलियो, तिचा थोरला. छपराचं काम करताना घसरून पडला आणि ऐन विशीत गेला. फोटोत तो बनियनवर, काळा चष्मा लावून मोटारीला टेकला होता. टाय लावलेलाही फोटो घरात होता, पण त्यात तो हसत नव्हता.

"बघ रे बाळा, कोण आलंय," ती फोटोला म्हणाली. "आपली टीव्हीवाली पोरगी."

कॅमेरा चालूच होता.

बातमी लागायची त्या संध्याकाळी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. बातमी निघाली टोळ्यांच्या मारामारीची. हेर्मिनियाचं बोलणं त्यात औषधालाही नव्हतं. दिसल्या त्या मेणबत्त्या, झेंडू आणि हसणारा रोहेलियो. वरून एक पुरुषी आवाज सांगत होता की टोळ्यांत जीव गमावलेल्या पोरांसाठी या वस्तीत घरोघरी असे कोपरे आहेत. चायोने उठून टीव्ही बंद केला. लोक एकेक करून गुपचूप निघून गेले.

दुसऱ्या दिवशी येसेनिया आली ती डोळे सुजवूनच.

"हेर्मिनियाबाई, मी असं लिहिलं नव्हतं. वरच्यांनी चित्रं उचलली आणि आवाज दुसऱ्याचा लावला. मी भांडले."

"मग?"

"नोकरी हवी असेल तर गप्प राहा म्हणाले."

सोड ती नोकरी, हे शब्द हेर्मिनियाच्या ओठांवर आले आणि तिथेच राहिले. आयुष्यभराची कमाई म्हणायची तर तेवढी एक नोकरीच होती. तिने पोरीपुढे खायला ठेवलं आणि तिची पाठ थोपटली, पण आतून ती पार कोसळली होती. पुढे फाटकाशी बरेच दिवस धरणं धरल्यावर केंद्राने चूक कबूल केली, भल्या पहाटेच्या बातम्यांत, एका वाक्यात. ते ऐकलेला माणूस आजवर कुणाला भेटलेला नाही.

हेर्मिनियाने टेबलावर टायवाला फोटो मांडला. हसरा पेटीत गेला.

एका रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर एका अनोळखी बाईने तिचा हात धरला.

"तुमच्या मुलाला टीव्हीवर पाहिलं होतं मी. माझाही टोळीतच गेला हो. देव दोघांनाही माफ करो."

हेर्मिनियाने तोंड उघडलं. माझा तसला नव्हता, एवढंच सांगायचं होतं. बाईचे डोळे भरून आले होते. माझा तुझ्यासारखा नव्हता, हे त्या डोळ्यांत बघून कसं म्हणायचं? टीव्हीवाले तरी आणखी काय म्हणत होते?

"करो," हेर्मिनिया म्हणाली. आणि छपरावरून पडलेल्या आपल्या पोरासाठी तिने त्या बाईबरोबर देवाकडे माफी मागितली.