सासूबाईंनी झाकलेली आकडी

सासूबाई गेल्याचा फोन बेलापूरच्या ऑफिसात आला, तेव्हा मी डबा उघडून बसले होते. "बरं, निघते," एवढंच म्हणाले, फोन ठेवला आणि डब्याचं झाकण पुन्हा लावलं. महिना होऊन गेला. रडू म्हणावं तसं अजून आलेलं नाही. कामं मात्र सगळी झाली... दिवसकार्य झालं, पाहुणे येऊन गेले, त्यांची लुगडी गव्हाणला नणंदेकडे पोचवली.

त्या मूळच्या गव्हाणच्या. माझी नोकरी आणि दीपा लहान, म्हणून नवीन पनवेलला आमच्याकडे राहायला आल्या. दीपा दीड वर्षाची असताना तिला तापात पहिल्यांदा आकडी आली. डोळे वर गेले, हातपाय झटके देऊ लागले. सासूबाई चप्पल घेऊन धावल्या, नाकाला लावायला. ती लावायच्या आत सगळं आपोआप थांबलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, काही लहान मुलांना तापात येते अशी आकडी, पाच-सहा वर्षांची झाली की बहुतेक येत नाही. कुशीवर झोपवा, तोंडात काही घालू नका, पाच मिनिटांत थांबली नाही तर लगेच दवाखाना गाठा. मला हायसं वाटलं. सासूबाईंना नाही. रिक्षातच म्हणाल्या, "कोनाला सांगायचं नाय. पोरीची जात हाय."

"आई, दीड वर्षाची आहे ती."

"उद्या लगनाची होईल. लोकं इसरत नाय."

दुसरी आकडी आली तेव्हा मी ऑफिसात होते. त्या एकट्याच तिला दवाखान्यात घेऊन गेल्या. नेहमीचे डॉक्टर रजेवर, त्यांच्या जागी एक नवे बसलेले. त्यांनी विचारलं, "आधी कधी आली होती का?" बाकावर गव्हाणची एक ओळखीची बाई होती. सासूबाई म्हणाल्या, "नाय, पयलीच." पहिलीच, शिवाय मूल सुस्त, म्हणून डॉक्टरांना मेंदूज्वराची शंका आली. मी पोचले तेव्हा मुंबईला नेऊन पाठीच्या कण्यातलं पाणी तपासायचं ठरत होतं. मी दारातूनच सांगितलं, ही दुसरी. डॉक्टरांनी पुन्हा नीट तपासलं, बराच वेळ तिथेच ठेवून घेतलं. तोवर दीपा बिस्किट मागू लागली होती. शेवटी घरी सोडलं. ती बाई आधीच निघून गेली होती, नाहीतर माझी धडगत नव्हती. तरी सासूबाई बरेच दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात गव्हाणला त्यांच्या पुतण्याची हळद होती. मांडवात एका सुनेच्या मांडीवरच्या मुलाला तापात आकडी आली. बँड थांबला. कोणी कांदा फोडला, कोणी दातात घालायला चमचा आणला, एक जण तांब्या घेऊन पाणी पाजायला वाकला. सासूबाईंनी उठून त्याचं मनगटच धरलं. "तोंडात काय घालू नका! कुशीवर घ्या पोराला."

"तुला गो काय ठावं? मोठी डाक्टरीण!" त्यांची थोरली जाऊ म्हणाली.

सगळा मांडव ऐकत होता. सासूबाईंनी धरलेलं मनगट सोडलं नाही.

"आमच्या दीपाला येते. दोनदा आली. ती बघा, लाडू खाते हाय."

पाणी पाजणारा मागे सरला. मुलाला कुशीवर घेतलं, झटके थांबले, मग रिक्षाने दवाखान्यात नेलं. परतीच्या एसटीत सासूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "सांगून टाकलं. आता पोरीचं लगीन अडलं तर तू निस्तर."

"निस्तरीन," मी म्हटलं. या विषयावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

दीपा आता नऊ वर्षांची आहे. तिसरी आकडी काही आली नाही. तरी तिला ताप असला की सासूबाई झोपताना दाराची वरची कडी लावू देत नसत. पोर उचलून पळायची वेळ आली तर कडीशी झटापट नको, एवढंच. मी चोरांचं नाव काढलं की म्हणायच्या, "न्यायला हाय काय घरात? तुझे डबे?"

गेल्या आठवड्यात दीपाला ताप आला, साधा सर्दीचा. झोपताना मी कडी लावली, नीट बसली का ते ओढून पाहिलं. सकाळी दूध घ्यायला दाराशी गेले तर ती काढलेली होती. घरात आम्ही तिघंच, नवरा, दीपा आणि मी. मी दोघांनाही काही विचारलं नाही.