माउसचं चाक आणि देवरावभाऊंचे डोळे

हे इतकी वर्षं कोणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. परवा पहिल्यांदा तोंड उघडलं. सांगितल्यावर माणूस किती हलका होतो — म्हणून आता तुम्हालाही सांगतो.

यवतमाळजवळ लोहाऱ्याला एमआयडीसीत पेरणीयंत्रं बनवणारा एक छोटा कारखाना आहे. तिथं मी संगणकावर भागांची ड्रॉइंग करतो. माझी ख्याती काय — तर काटेकोर माणूस! नवीन कोणी आला की मालक त्याला माझ्याशेजारी बसवतात, आणि मी पहिला धडा देतो. आकडा टाकला की आधी कोऱ्या जागेत क्लिक कर, मगच माउसचं चाक फिरव. नाहीतर चित्र मोठं करायला जाशील, चित्र राहील तसंच अन् आकडा बदलेल. मालक म्हणतात, काय बारीक लक्ष आहे! ते आलं कुठून, हे कोणी विचारलं नाही. लाज वाटत नव्हती का? वाटायची. पण कौतुकही आवडायचं — खोटं कशाला बोलू?

बऱ्याच वर्षांपूर्वी एकदा पेरणीच्या तोंडावर चकत्यांची घाई होती. सोयाबीनचा दाणा ज्या भोकांतून एकेक करून पडतो, ती चकती. भोकाचं माप टाकलं नऊ मिलिमीटर. कडा नीट दिसाव्यात म्हणून चाक फिरवलं — पॉइंटर मापाच्या चौकोनावरच होता. नवाचे आठ झाले. मी पाहिलंच नाही. फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि देवरावभाऊंच्या हातात दिली. कटिंग मशीन ते चालवायचे. सगळा पत्रा कापून झाला, मूठभर दाणे टाकून पाहिले, तर दाणे भोकांत अडकलेले.

मालकांचा आरडाओरडा ऐकला आणि मी समजलो. ते माझ्या टेबलापर्यंत येईस्तोवर मी आठाचे पुन्हा नऊ करून ठेवले. घाबरलो होतो, पण या वेळी कोऱ्या जागेत क्लिक करायला विसरलो नाही — हे सांगायलाच हवं.

माझ्या पडद्यावर नऊ. मग चूक कोणाची? मशीनवरही माप बदलता येतं. देवरावभाऊ भांडले असते तर मी बोललो असतो — कदाचित. ते भांडलेच नाहीत. "माह्याच नजरेत फरक पडला असन," म्हणाले, आणि आपणहून मशीन सोडून पत्र्याच्या कडा घासायला जाऊन बसले. त्या मशीनवर त्यांचा जीव होता. डोळे तपासून आले, डॉक्टरांनी ठीक आहेत म्हटलं, तरी त्यांना पटेना. मोटरसायकल घरी उभी केली आणि ऑटोनं येऊ लागले. मी रोज त्यांना ऑटोतून उतरताना पाहायचो.

परवा मालकांनी सगळ्यांसमोर पुन्हा माझं कौतुक केलं. शेजारी उभे देवरावभाऊ म्हणाले, "याच्यावानी ध्यान पाह्यजे होतं माह्यं." तेवढं मात्र ऐकवेना. त्यांना चहाच्या टपरीवर नेलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. त्यांच्या चहावर साय धरली. मग त्यांनी एवढंच विचारलं —

"मंग माहे डोये चांगले होते?"

"चांगलेच होते, भाऊ."

तसाच उठून मालकांकडे गेलो, त्यांनाही सांगितलं. शिकवण्याचं काम माझ्याकडून गेलं. काल बऱ्याच वर्षांनी पोटभर जेवलो. देवरावभाऊ माझ्याशी बोलत नाहीत. आज सकाळी ते मोटरसायकलवर आले.