वाचता न येणाऱ्या दोघांमधलं पत्र

या ब्लॉगवर नेहमी येणाऱ्यांना माहीत आहे की मी कुठेही जायचं म्हटलं तरी महिनाभर आधी याद्या करते. राहायचं कुठे, खायचं काय, परतीची गाडी कोणती. यावेळी यातलं काहीच झालं नाही. गुरुवारी संध्याकाळी पप्पांनी माझ्या हातात एक बंद पाकीट दिलं. नवापूर तालुक्यातल्या माझ्या जुन्या शाळेच्या गावी जा, सुकीबाईला शोध, ती असेल तर हे तिच्यासमोर उघडून वाच, त्याआधी उघडू नकोस, असं बजावलं. शुक्रवारी पहाटे मी नाशिकच्या स्टँडवर उभी होते आणि चांगलीच चिडलेली होते.

आधी पप्पांबद्दल सांगते. पप्पा निवृत्त शिक्षक. तरुणपणी त्या गावात शाळा सांभाळून तिथली मंडळी, म्हणजे चर्चही, तेच बघायचे. आम्ही ख्रिस्ती. आमच्या घरात सकाळी चहाच्या आधी पवित्र शास्त्राचा अध्याय वाचला जायचा, आणि ज्याने वाचला नाही त्याला चहा उशिरा मिळायचा. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. हात-पाय सावरले, बोलणं सावरलं, वाचणं मात्र गेलं. डोळे ठणठणीत आहेत, अक्षरं दिसतात, पण लागत नाहीत. विचित्र म्हणजे त्यांना लिहिता येतं, फक्त स्वतः लिहिलेलं वाचता येत नाही. असं होतं, असं डॉक्टर शांतपणे म्हणाले. डॉक्टरांना शांत राहायला काय जातं.

तेव्हापासून आठ महिने पप्पांनी प्रभुभोजन घेतलेलं नाही. वाचकांपैकी ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: महिन्याच्या पहिल्या रविवारी मंडळीत भाकर आणि द्राक्षरस फिरतो, तो घेणं म्हणजे मी अजून प्रभूचा आहे असं सगळ्यांसमोर सांगणं. बाप्तिस्मा झालेल्यांनाच तो मिळतो. ताट आलं की पप्पा ते न घेता पुढे सरकवतात. "न वाचता ठेवलेला विश्वास ऐकीव असतो," हे त्यांनी आयुष्यभर शिकवलं, आणि आता स्वतःलाही त्याच मापाने मोजतायत. मी म्हटलं, पप्पा, तुम्हाला निम्मं पुस्तक पाठ आहे. ते म्हणाले, पाठांतर म्हणजे विश्वास नव्हे, हे मीच एका बाईला सांगितलं होतं. दोन दिवसांनी पाकीट आलं.

आता रस्ता. नाशिक ते धुळे बसची चिंता नाही, दर थोड्या वेळाने गाडी आहे. धुळ्याहून सुरतकडे जाणारी कोणतीही एसटी साक्री, दहिवेल करत कोंडाईबारी घाट उतरते आणि विसरवाडीला थांबते. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे धुळ्यापासून शंभराच्या आतच काम होतं. घाटात ट्रकांची रांग होती. गाडी पाऊण तास हलली नाही आणि मीही खिडकीशी बसून सारखं पाकीट उघडावं की नाही याचाच विचार करत होते. मोबाइलमध्ये माझी शास्त्रवाचनाची योजना आहे, रोजचा अध्याय वाचला की हिरवी खूण येते. त्या रांगेत तीन दिवसांचे अध्याय वाचून टाकले, तीन खुणा मिळवल्या. घाट उतरल्यावर काय वाचलं ते आठवून पाहिलं, तर एकही ओळ आठवेना.

विसरवाडीला सगळं रस्त्याच्या कडेला आहे. टायरवाले, चहावाले, भजी, मोबाइलची दुकानं आणि अखंड हॉर्न. चहा चांगला मिळतो, आलं भरपूर घालतात. चहावाल्याला गावाचं नाव सांगितलं (इथे मुद्दाम लिहीत नाही, त्या लोकांच्या दारात गर्दी नको) तर तो म्हणाला, "ताई, तठे एसटी नही जात. जीप भरी का निंघी. तुम्ही बसा, मी सांगस तुम्हले." जीप भरायला सव्वा तास लागला. जीप भरली म्हणजे आपल्या समजुतीपेक्षा सहा माणसं जास्त, हे ध्यानात ठेवून पुढची सीट पकडावी. सांगून ठेवते, पाणी सोबत घ्या आणि जानेवारीतही दुपारी टोपी लागते.

सुकीबाई सापडायला दहा मिनिटंही लागली नाहीत. उतरल्याबरोबर एका बाईला विचारलं, तर ती त्यांची सूनच निघाली, सुनीता नावाची. कुडाच्या भिंतीला नवीन सिमेंटची खोली जोडलेलं घर, अंगणात तुरीच्या शेंगांचा ढीग आणि ढिगामागे सत्तरीच्या आसपासची बारीक, काटक म्हातारी. घरात ते लोक कोकणी बोलतात, म्हणजे इथल्या डोंगराकडची, समुद्रकाठची नव्हे. माझ्याशी मात्र सुकीबाई बाजारात शिकलेल्या मराठीत बोलल्या. त्या सगळ्यांनाच 'तू' म्हणतात, चर्चच्या पाळकालाही आणि तहसीलदारालाही. त्यांच्या भाषेत मोठ्यांसाठी वेगळा शब्द नाही.

"गुरुजीची पोरगी का तू? नाक त्याचंच शे," एवढंच म्हणून त्यांनी मला शेंगांसमोर बसवलं. मी पाकीट काढलं. आपण का आलो ते सांगितलं. पप्पांना आता वाचता येत नाही, हेही सांगितलं. त्यांनी सोलणं थांबवलं नाही, फक्त सुनेला टीव्ही बंद करायला सांगितलं.

पत्र एका पानाचं होतं. ओळी एकमेकींवर चढलेल्या. मी वाचलं:

"सुकीबाई, मी तुला दाराबाहेर ठेवलं. बाप्तिस्म्याआधी प्रत्येकाने दहा वचनं वाचून दाखवायची, हा नियम मी केला होता. तू 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' हा अध्याय घडाघडा म्हटलास. मला शंका आली म्हणून मी पान उलटलं, आणि तू तेच म्हणत राहिलीस. मी सगळ्यांसमोर म्हणालो, हे वाचन नाही, ही फसवणूक आहे. नाव खोडलं. त्या वेळी वाटलं, मी शास्त्राचा मान राखतोय. आज मला एकही अक्षर लागत नाही. सकाळी पुस्तक उघडून बसतो आणि मिटतो. तू इतकी वर्षं पुस्तकाशिवाय काय करत आलीस, ते सांग. मी चुकलो असेन तर तेही सांग. मी चुकलो असेन तर तेही सांग."

"दोनदा का लिहिलं?" सुकीबाईंनी विचारलं.

मी म्हटलं, लिहिताना मध्ये थांबले असतील. कुठपर्यंत लिहिलं ते त्यांना वाचून बघता येत नाही. त्यावर त्या पहिल्यांदा थांबल्या. हातातली शेंग तशीच राहिली.

मला खरं सांगायचं तर एक गोष्ट अपेक्षित होती. म्हातारी हसेल, म्हणेल झालं गेलं, गुरुजी देवमाणूस होता, मी तिच्या तोंडून तो अध्याय मोबाइलवर रेकॉर्ड करेन आणि रविवारच्या आत घरी. माणूस गाडीत बसून असलेच बेत करतो. प्रत्यक्षात सुकीबाईंनी जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहितेय.

"तीन वरीस मी बाहेर बसली. ओट्यावर. आत भाकर द्यायचे, मी बघायची. तेव्हा मन्ही लहानी पोरगी ताप येऊन गेली. मला वाटलं, मी खोटं बोलली म्हणून गेली. गुरुजीनं फसवणूक म्हटलं ना."

सुनीताने हे आधी कधी ऐकलेलं नव्हतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. बापाच्या वतीने माफी मागायला तोंड उघडलं तर सुकीबाईंनी हातानेच थांबवलं. मग बाकीचं त्यांनी तुटक तुटक सांगितलं. संध्याकाळी पप्पा ओट्यावर कंदिलाशी बसून वाचायचे आणि बायका शेंगा सोलत ऐकायच्या. एकीने एक ओळ धरून ठेवायची, दुसरीने पुढची. दुसऱ्या दिवशी शेतात त्या ओळी जोडून घ्यायच्या. त्यांच्या लेखी शास्त्र घेणं म्हणजे हेच होतं. पप्पा ज्याला फसवणूक म्हणाले, ती त्यांच्या मते पूर्ण तयारी होती. पान उलटल्यावरही त्या तेच म्हणत राहिल्या, कारण वाटलं गुरुजीला पुन्हा ऐकायचं आहे. तीन वर्षांनी पप्पांची बदली झाली, त्यांच्या जागी मंडळीला पाळक आले. त्यांनी एकच विचारलं, येशूवर भरोसा आहे का. सुकीबाई हो म्हणाल्या. नदीवर बाप्तिस्मा झाला.

मी विचारलं, मग पुस्तक नसलं तरी चालतं, असं सांगू का त्यांना?

त्यांना ते आवडलं नाही. कोणीतरी वाचलंच पाहिजे, गुरुजीनं वाचलं नसतं तर मी काय ऐकलं असतं, असं त्या जरा रागानेच म्हणाल्या. आता सुनीता वाचते रविवारी. मग थोड्या वेळाने, पत्रातल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून असेल, म्हणाल्या:

"पोरगी गेली तेव्हा माझ्या तोंडून एक ओळ निघत नव्हती. सगळं गेलं होतं. तेव्हा सोबतच्या बाया येऊन ओळी म्हणायच्या, मी नुसती बसायची. गुरुजीजवळ कोण म्हणतं?"

कोणीच नाही. मी मोबाइलवर माझं माझं वाचते, दार लावून. पप्पा त्यांच्या खोलीत पुस्तक उघडून मिटतात. मधल्या भिंतीची जाडी वीतभरही नसेल. हे सुचायला मला नाशिकहून एवढं लांब यावं लागलं, याची लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

तरी मी मोबाइल पुढे केलाच. तुम्ही म्हणा, मी त्यांना ऐकवते. सुकीबाईंनी साफ नकार दिला. फोनात कोंबू नको, तुलाच म्हणता येत नाही का, असं विचारलं. मी सुरुवात केली. तिसऱ्या ओळीला अडकले. रविवारच्या शाळेपासून ऐकलेला अध्याय, हिरव्या खुणांच्या हिशेबाने दरवर्षी एकदा वाचलेला, आणि मला तिसऱ्या ओळीपुढे काहीच येत नव्हतं. सुनीता खाली बघून हसली.

त्या रात्री परतणार होते, ती दोन दिवस राहिले. नवापूरला लॉज आहेत, पण त्यांनी जाऊ दिलं नाही. जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी, उडदाची डाळ, वर ओल्या मिरचीचा ठेचा. नंदुरबारच्या मिरचीशी ज्याची ओळख नाही त्याने पहिला घास जपून घ्यावा. दिवसभर शेंगा सोलायच्या आणि ओळी घ्यायच्या. पद्धत अशी की सुकीबाई एक ओळ म्हणणार, मी म्हणायची. ओळ बसेपर्यंत पुढची मिळत नाही. शेजारच्या दोन बायका सोलायला आल्या, त्याही म्हणायला लागल्या. मी फार अधीर माणूस आहे. शनिवारी दुपारी मला ते अंगण सोडून पळावंसं वाटत होतं, नखं दुखत होती, आणि पुस्तक उघडलं तर एका मिनिटात समोर दिसणारी गोष्ट मला थेंबाथेंबाने मिळत होती. पण संध्याकाळी भांडी घासताना अध्याय आपोआप तोंडात आला, शेवटपर्यंत. मी हात ओले ठेवून तशीच उभी राहिले. इतक्या वर्षांत मला त्या शब्दांची पहिल्यांदा भीती वाटली, कारण ते मला ओळखत होते असं वाटलं.

निघताना मी विचारलं, पप्पांना काय सांगू? माफ केलं म्हणू?

"ते मी त्याला सांगेन. तुला कशाला?" सुकीबाई म्हणाल्या. "पहिल्या रविवारी इथं भाकर असते. त्याला ये म्हण."

परतताना मी नंदुरबारवरून आले. विसरवाडीहून गाडी मिळते. शहराच्या बाहेर मिरची वाळवायच्या पथाऱ्या आहेत, मैदानच्या मैदान लाल, आणि बायका तोंडाला फडकं बांधून देठ खुडत बसलेल्या. फोटोसाठी लोक तिथे मुद्दाम जातात. मी उतरले, दोन फोटो काढले, शिंकून बेजार झाले आणि नाशिकची बस पकडली. किलोभर मिरची घेतली आहे, ती घेण्यासारखी आहे.

घरी पोचल्यावर मी पप्पांना सगळं सांगितलं. ओटा, तीन वर्षं, लहान मुलगी. काहीही गाळलं नाही. ते भिंतीकडे तोंड करून ऐकत होते. मग मी अध्याय म्हटला. पाचव्या ओळीला एक शब्द चुकला, त्यांनी दुरुस्त केला आणि पुढची ओळ स्वतः म्हटली. आम्ही दोघांनी मिळून तो संपवला. तेव्हापासून रोज सकाळी म्हणतो, चहाच्या आधी.

मला वाटलं होतं, झालं, सुटलं. पहिल्या रविवारी ताट आलं आणि पप्पांनी ते पुन्हा पुढे सरकवलं. मी इतकी चिडले की घरी येईपर्यंत बोलले नाही. दारात चपला काढताना ते म्हणाले, "इथे घेऊन काय करू? मी तिला तिथे थांबवलं होतं."

डॉक्टर पप्पांना प्रवासाची परवानगी देत नाहीत. कोंडाईबारीची रांग, जीप, पाच-सहा तासांचं बसणं. माझीही तयारी नाही, खरं तर मला धास्ती वाटते. तिथे गेल्यावर सुकीबाई काय सांगणार, हे कोणालाच माहीत नाही. तरी मी सुनीताला फोन लावला आणि पुढच्या महिन्यात येतो म्हणाले. तिने फोन सासूकडे दिला. सुकीबाईंनी तब्येत विचारली नाही, प्रवासाचं विचारलं नाही.

"त्याला सांग," त्या म्हणाल्या, "आधी भाकर मी घेईन. मग तो."

मी फोन ठेवला आणि पप्पांना तसंच्या तसं सांगितलं. बरोबर आहे, असं म्हणून त्यांनी माळ्यावरची बॅग काढायला सांगितली.