मोळीगणिक एक प्रश्न

गेल्या जानेवारीत, नेवासा तालुक्यातल्या आमच्या घरामागच्या उसाच्या फडात, एका तोडणीवाल्या बाईच्या तीन वर्षांच्या मुलीने आईच्या हाकेला ओ दिली नाही. त्याच फडाच्या कडेला आदल्या आठवड्यात बिबट्या दिसला होता.

बाईचं नाव मी कधी विचारलं नाही. ती वाकून कोयता चालवायची आणि एक मोळी बांधून झाली की, मान वर न करता, बांधावर बसवलेल्या मुलीला काहीतरी विचारायची.

"सकाळी भाकर कशाची खाल्ली गं?"

"बाजरीची."

"बैल काय खातो?"

"वाढं. आन् माजा ऊस बी."

"छान शिकवताय," मी एकदा म्हणालो.

"शिकवायला न्हाई, दादा," ती म्हणाली. "तिचा आवाज येत ऱ्हायला पायजे."

त्या दुपारी आवाज आला नाही. तिने पुन्हा विचारलं आणि कोयता हातात घेऊनच धावली. मी मागोमाग गेलो. मुलगी पाचटावर आडवी पडली होती. बाईने तिच्या छातीवर हात ठेवला. मुलगी झोपली होती.

फड संपेपर्यंत बाईने तिला दुपारी झोपू दिलं नाही.