बोगस पत्ते

कळंबमध्ये मी इंटरनेटची लाइन देते. पुण्यात नेटवर्क इंजिनिअर म्हणून नोकरी केली, लग्नानंतर इकडे आले आणि बसस्टँडमागच्या एका गाळ्यात हा धंदा सुरू केला. नवरा शाळेत शिक्षक आहे. खांबांवरून आणि उसाच्या बांधांवरून वायर ओढत ओढत आम्ही काटेवाडीपर्यंत पोचलो. घरं, दवाखाने आणि दूध संकलन केंद्रं ही आमची गिऱ्हाइकं. केंद्रांवर सकाळ-संध्याकाळ दूध आलं की त्याचा कस, म्हणजे फॅट आणि डिग्री, मशीनमधून थेट बारामतीच्या एका कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये जातो आणि शेतकऱ्याच्या हातात पावती पडते. नेट बंद पडलं तर पावती बंद, आणि मग कॅन घेऊन उभी असलेली माणसं माझ्या नावानं बोलायला लागतात.

सुरुवातीला आम्ही एका मोठ्या कंपनीचे पत्ते भाड्यानं वापरायचो. इंटरनेटवर प्रत्येक जोडणीला एक आकड्यांचा पत्ता लागतो. कंपनीनं भाड्याचे पत्ते परत मागितले तेव्हा रीतसर अर्ज करून मी स्वतःचे घेतले. जे पत्ते पूर्वी कुणालाच वाटलेले नव्हते, त्यांतला तो एक तुकडा होता. नवीन पत्ते लावल्यावर सगळं सुरळीत चाललं. टीव्ही, बँका, पोरांचे अभ्यास, काही अडलं नाही. फक्त दुधाचं सॉफ्टवेअर उघडेना.

काटेवाडीचे तात्या दूध केंद्र चालवायचे. त्यांचा पहिला फोन आला तेव्हा मला वाटलं, वायर तुटली असेल. जाऊन बघितलं तर वायर ठणठणीत. स्क्रीनवर नुसतं गोल फिरत होतं. बाहेर रांग रस्त्यापर्यंत गेलेली. तात्या हातानं पावत्या लिहीत होते.

कारण शोधायला मला फार वेळ लागला नाही. भाड्याचा एकच जुना पत्ता माझ्याकडे शिल्लक होता, तो कळंबमधलंच एक गिऱ्हाईक, आबा, यांच्या घरी. त्यांच्या गोठ्यातले कॅमेरे त्या पत्त्यावर बसवलेले होते, म्हणून तो महिनाअखेरीपर्यंत ठेवून घेतला होता. आबांच्या ओट्यावर बसून लॅपटॉप लावला तर तेच सॉफ्टवेअर झटक्यात उघडलं. वायर तीच, वेग तोच, फरक फक्त पत्त्याचा. म्हणजे बारामतीच्या कंपनीचा राउटर माझ्या नव्या पत्त्यांना दारातूनच परत पाठवत होता.

असं का होतं ते मला ठाऊक होतं. हे पत्ते कुणाचेच नव्हते तेव्हा तिथून काही आलं तर ते हमखास भामट्याचं असणार, म्हणून इंजिनिअर लोक राउटरमध्ये नियम टाकून त्यांना अडवायचे. पुढं जगात पत्ते कमी पडले आणि हेही वाटले गेले. बहुतेकांनी जुने नियम काढून टाकले. ज्यांनी पुन्हा बघितलंच नाही, त्यांच्याकडे ते तसेच राहिले.

मी त्या कंपनीला मेल केला. पुराव्यासकट, अगदी सभ्य भाषेत. एका ओळीचं उत्तर आलं की आमच्याकडे सर्व ठीक आहे. दुसरा मेल केला, तेच उत्तर. मग स्कूटर काढली आणि बारामतीला गेले.

तिथला नेटवर्क मॅनेजर म्हणजे पणदरे गावचा, माझ्याच वयाचा माणूस. बराच वेळ मला बाहेर बसवून ठेवलं आणि मग तो दारातच येऊन उभा राहिला.

"तुमच्याकडे टेक्निकल कोण बघतं?" त्यानं विचारलं.

"मीच."

"नाही, म्हणजे मिस्टर वगैरे?"

"मिस्टर मराठी शिकवतात."

तो मागं वळून सहकाऱ्याकडे बघून हसला. मग मला समजावण्याच्या सुरात म्हणाला, "मॅडम, ही रेंज वापरातच नसते. आमच्या राउटरमध्ये ती बोगस म्हणून टाकलेली आहे. तुम्हाला कुणीतरी फसवलंय."

मी पत्ते मिळाल्याचा कागद पुढे केला. त्यानं हात लावला नाही. "आमचं सेटिंग चुकीचं असतं तर बाकीच्यांचं चाललं असतं का?" एवढं बोलून तो आत गेला.

इथवरही मी गिळलं असतं. पण चार दिवसांनी तात्या स्वतः गाळ्यावर आले. माझा नेटचा बॉक्स फडक्यानं पुसून, वायर गुंडाळून पिशवीतून आणला होता.

"ताई, राग मानू नका. बारामतीच्या साहेबांनी सांगितलं, तुमचं नेट बोगस हाय. म्हनले दुसरं घ्या. गायी काय थांबत न्हाईत."

"तात्या, माझं नेट बोगस नाही."

"तुमी म्हनताय ते खरं आसंल. पन मला त्यातलं काय कळत न्हाय."

त्यांनी बॉक्स टेबलावर ठेवला आणि गेले. त्या आठवड्यात आणखी दोन केंद्रं गेली. किराणा दुकानात एक बाई दुसरीला माझ्याकडे बघून म्हणाली, "ती बोगस नेटवाली." मी साखर घेतली आणि घरी आले. नवऱ्याला काही सांगितलं नाही. पोळ्या लाटताना मात्र त्या माणसाचं हसू डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. ते कसं पुसायचं याचाच विचार मी करत होते.

संधी आबांच्या ओट्यावरच चालून आली. गोठ्यातल्या कॅमेऱ्याचं तोंड गायीनं फिरवलं होतं, ते नीट करायला गेले होते. अधिक महिना लागला होता आणि आबांच्या घरी अनारशांचं पीठ तयार होत होतं.

"जावई यायचेत धोंड्याला," आबा म्हणाले. "चार दिस ऱ्हानार. घरनंच काम करनार म्हनत्यात. नेट जरा चांगलं ठिवा."

"कुठं असतात जावई?"

आबांनी कंपनीचं नाव सांगितलं. मी विचारलं, पणदऱ्याचे का? ते म्हणाले, "व्हय, वळखता का काय?"

"एकदा भेट झालीय," मी म्हटलं.

त्या रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आबा आपलं गिऱ्हाईक आहेत. त्यांना कशाला मध्ये ओढतेस?"

"आबांचं काही बंद पडणार नाही. कॅमेरे मी नव्या पत्त्यावर लावून देईन. तसाही जुना पत्ता महिनाअखेरीस जाणारच आहे. मी फक्त थोडा आधी बदलणार."

"कधी?"

"पाहुणे आले की."

जावई संध्याकाळी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी गाळ्यात बसून मी आबांच्या घरचा पत्ता बदलला. एक ओळ खोडली, एक लिहिली. चहा सांगितला आणि फोनकडे बघत बसले.

जेवणाच्या थोडं आधी आबांचा फोन आला. "पोरी, जावयाचं हापिस उघडंना झालंय. बाकी समदं चालतंय. जरा येऊन जातीस?"

मी तोंड धुतलं, इस्त्रीचा ड्रेस घातला आणि गेले.

जावई पलंगावर बसले होते. अंगात सासऱ्यानं दिलेला नवा कोरा शर्ट, कपाळावर कुंकवाचा टिळा, मांडीवर लॅपटॉप. मला बघितल्यावर त्यांचा चेहरा उतरला. ओळखलं होतं.

"बोला सर, काय अडचण आहे?" मी म्हटलं.

"तुमच्या लाइनवरून आमचा सर्व्हर लागत नाहीये. आज काम महत्त्वाचं आहे, बॉसचे सारखे फोन येतायत."

"दुसरं काही उघडतंय का?"

"हो."

"बँक? व्हिडिओ?"

"सगळं उघडतंय."

"म्हणजे तुमचंच ऑफिस तेवढं उघडत नाही. मग बिघाड कुठं असेल, सर?"

त्यांनी ऑफिसचं पान पुन्हा एकदा उघडून बघितलं. आबा खांबाला टेकून ऐकत होते. त्यांनी मला विचारलं, "काय झालंय, पोरी?" मग मी आबांना सगळं सांगितलं. नवे पत्ते, जुना नियम, दोन मेल, बारामतीची फेरी. तात्या बॉक्स परत देऊन गेले तेही. शब्द मोजून, आवाज न चढवता. आत तळणाचा आवाज होता, तो मध्येच थांबला. सासूबाईही ऐकत होत्या.

आबा जावयाकडे वळले. "म्हंजी जावईबापू, तुमच्या हापिसाला तुमीच कुलूप लावलंय, आन आता भाईर बसलाय, आसंच ना?"

जावयांनी लॅपटॉपवरून मान वर केली नाही. हळूच मला म्हणाले, "मॅडम, तासाभरापुरता एखादा जुना पत्ता देता येईल का?"

देता आला असता. सकाळपर्यंत याच घरी चालू असलेला पत्ता अजून माझ्याकडे तसाच पडलेला होता.

"सर, आमच्याकडे आहेत ते सगळे बोगसच आहेत," मी म्हटलं.

आता माझी लाइन सोडून मोबाइलच्या नेटवरूनच ऑफिस उघडायला हवं होतं, आणि आबांच्या घरात मोबाइलला रेंज नसते; फोन लागतात तेही वायफायवरून. ती मिळते गच्चीवर, पाण्याच्या टाकीपाशी. जावई लॅपटॉप आणि मोबाइल घेऊन नव्या शर्टात भर उन्हात वर गेले. मी खाली बसून चहा घेतला. सासूबाईंनी बशीत अनारसा दिला, तोही खाल्ला. वरून त्यांचा बॉसशी बोलण्याचा आवाज तुटक तुटक येत होता. ते खाली आले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता आणि टिळा ओघळून नाकावर आला होता.

"काढला तो नियम," ते म्हणाले.

मी त्यांच्याच लॅपटॉपवर, आबांच्या लाइनवरून सॉफ्टवेअर उघडून बघितलं. उघडलं. मी उठायला हवं होतं, पण माझं पोट भरलं नव्हतं.

"सर, एक फोन राहिला. काटेवाडीच्या तात्यांना."

"तो मी नंतर करतो."

"आताच करा," आबा म्हणाले. "हितं वायफायवरनं लागतो फोन."

त्यांनी लावला. आबांनी स्पीकर चालू करायला सांगितला.

"तात्या, ते कळंबच्या मॅडमचं नेट... ते ठीक आहे. प्रॉब्लेम आमच्याकडे होता."

"काय? आयकू येत न्हाय."

"जरा मोठ्यानं बोला," आबा म्हणाले.

"चूक आमची होती, तात्या. त्यांचं नेट बोगस नाही." या वेळी घरभर ऐकू गेलं. मी ते वाक्य आजही मनात जसंच्या तसं वाजवू शकते.

तात्या म्हणाले, "बरं झालं सांगितलं. पन आता दुसऱ्याचं वर्षाचं घेतलंय मी." ते परत आले नाहीत. बाकीची दोन केंद्रं मात्र आली.

मी चपला घालत असताना आबांची मुलगी मागून फाटकापर्यंत आली. इतका वेळ ती आत आईबरोबर तळणापाशी होती.

"काल रात्री यांचं ऑफिस इथूनच उघडलं होतं," ती म्हणाली. "मी बघितलंय. आजच कसं बंद पडलं?"

"पत्ता बदलला."

"आजच?"

"आजच."

"धोंड्याचं ताट वाढलं होतं त्यांचं," ती म्हणाली आणि आत गेली.

स्कूटर चालवताना मी तिचा चेहरा आठवून बघितला. वाईट वाटावं म्हणून नीट आठवून बघितला. तिच्याबद्दल थोडं वाटलं. त्याच्याबद्दल अजिबात नाही.

पुढं कानावर आलं, की जुने नियम तपासून काढल्याबद्दल त्याच्या ऑफिसात त्याचं कौतुक झालं. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, त्यानं स्वतः शोधून काढलं म्हणून. ते ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली. गच्चीवरचं ऊन कमी पडलं, असं वाटलं. नवरा म्हणाला, आता सोड. मी हो म्हटलं.

कुठल्या केंद्राचं अडलं की हल्ली तो मेल करत नाही, थेट मला फोन करतो. मॅडम म्हणतो, वेळ आहे का विचारतो. मी काम करून देते, चोख देते. पण त्याचा पहिला फोन मी कधीच उचलत नाही. पूर्ण वाजू देते.