चौकीच्या पायऱ्यांपुढचा सीन

भुताखेतांच्या गोष्टी ऐकल्या की मला हसू यायचं, आजही येतं. धाटावच्या एका कंपनीत केमिस्ट आहे मी, असल्या भानगडींना माझ्याकडे थारा नाही. तरी हे लिहितेय... हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

मला जुन्या सिनेमांच्या प्रिंट जमवायचा नाद. त्यातला एक महायुद्धानंतरचा हिंदी क्राइम ड्रामा — धान्याचा काळाबाजार, गोदामात खून. लोक नावही विसरलेत, पण कलेक्टर त्यावर जीव टाकतात. कारण शेवट कुठल्याच प्रिंटमध्ये नाही! खुन्याची बायको पोलीस चौकीच्या पायऱ्या चढते आणि खेळ खलास. ती पुढे बोलली की गप्प राहिली, यावर तासन् तास भांडणं.

पेणला रामवाडीत राहणारे माझे मामा तरुणपणी तंबू टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. ते ठामपणे सांगायचे, "पुढं सीन हाय गो. ती आत जाते नि नवऱ्याचंच नाव घेते." मी हे कलेक्टरांच्या ग्रुपवर टाकलं, तर एकाने लिहिलं — म्हाताऱ्याने मनाने रचलंय. मामांनी ते वाचलं. त्यांचा चेहरा एवढासा झाला. माझं डोकंच फिरलं!

कोलकात्याच्या डीलरकडून त्याच सिनेमाची आणखी एक प्रिंट मागवली. रविवारी दुपारी रोह्याला माझ्या घरी, खिडक्यांना चादरी लावून प्रोजेक्टर सुरू केला. मी, मामा आणि शेजारच्या सलमाचाची. बायको पायऱ्या चढली... आणि चक्क आत गेली!

"आता उजव्या कोपऱ्यात त्रिकोण येल," मामा म्हणाले. "रीळ संपत आलं की कळावं म्हणून मीच सुईनं कोरायचो."

आला की हो त्रिकोण! बाईने पदर सावरला आणि इन्स्पेक्टरसमोर नवऱ्याचं नाव घेतलं. चाची ओरडल्याच, "या अल्ला, सांगितलान गो तिनं!"

मी लगेच रीळ उलटं फिरवून भिंगाखाली धरलं. शेवटच्या फ्रेममध्ये बाईचा पाय पायरीवर. पुढे काही नाही. त्रिकोण नाही, चौकी नाही. पुन्हा लावलं, तर सिनेमा पायऱ्यांवरच संपला. मी रीळ पुन्हा भिंगाखाली घेतलं. मामा मात्र शांत. "नाय तर नाय. तुला दिसलं ना?"

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. आता ग्रुपचा अॅडमिन म्हणतो, मामांची आठवण चुकली असं लिहा, नाहीतर ग्रुपमधून काढतो. काढ ना बाबा! हे कसं घडलं, मला आजही कळलेलं नाही, आणि कळल्याचा आवही मी आणणार नाही. पण माझे मामा खोटारडे नाहीत.