खुंटीवरच्या माळा

केडगावला आमच्या समोरच्या घरातली अकरावीतली मुलगी बोलताना गळ्यातली तुळशीची माळ चघळायची. घर कडक माळकरी. ज्याच्या गळ्यात माळ नाही, त्याला ताट नाही. तिचे वडील, आप्पा, मात्र दर रविवारी माळ खुंटीला टांगून ढाब्यावर मटण खातात, आल्यावर आंघोळ करून ती घालतात आणि मला सात्त्विक आहार समजावतात. मी मान डोलावते.

एका रविवारी ते निघताना तिनेही आपली माळ काढून त्यांच्या माळेशेजारी अडकवली.

"घाल आधी! न्हाईतर जेवायला मिळनार न्हाई."

"तुमी आल्यावर घालाल, आप्पा. मी न्हाई घालनार. मला हे पटतच न्हाई."

तेव्हापासून ती आपला भात आपणच शिजवते. खुंटीवर एरवी एकच माळ दिसते. रविवारी दोन.